टीव्हीवर ‘एचडीआर’ लिहिलंय, मग चित्र काळपट का दिसतं? डिस्क प्लेअर जोडताना तपासा ‘या’ पाच गोष्टी

महागडा फोरके टीव्ही, सोबत नवा डिस्क प्लेअर. तरी दुकानात दिसलेली झळाळी घरी दिसत नाही. बिघाड बहुतेक वेळा टीव्हीत नसतो, एका बंद सेटिंगमध्ये असतो. आणि घरातल्या जुन्या कॅसेटी, डीव्हीडी पाहताना हीच सेटिंग्ज उलटी का करावी लागतात, तेही समजून घ्या.

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठ्या पडद्याचा टीव्ही घ्यावा का, हा विषय गावातल्या घरांतही निघू लागला.

समजा, किल्लारीतल्या एका घरात दिवाळीला ५५ इंची फोरके टीव्ही हप्त्यावर आला. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं सोबत फोरके डिस्क प्लेअर आणि दोन सिनेमांच्या डिस्क आणल्या. वायर जोडली, सिनेमा सुरू झाला. चित्र दिसतंय, आवाज येतोय. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं ‘एचडीआर’ काही जाणवत नाही. उलट रात्रीचे प्रसंग जुन्या टीव्हीपेक्षा काळपट दिसतात. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो टीव्ही खराब निघाला, दुसरा म्हणतो डिस्क डुप्लिकेट आहे.

बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. एचडीआर ही एका वस्तूत असणारी गोष्ट नाही, ती साखळी आहे. डिस्क, प्लेअर, केबल, टीव्हीचा पोर्ट आणि पिक्चर मोड या पाच कड्या जुळल्या तरच ते दिसतं. गंमत म्हणजे एखादी कडी तुटली तरी पडद्यावर ‘एरर’ येत नाही. साधं चित्र निमूटपणे सुरू राहतं. म्हणूनच अनेक घरांत पैसे एचडीआरचे जातात आणि पाहिलं जातं साधं चित्र.

एचडीआर म्हणजे नेमकं काय?

एचडीआर म्हणजे ‘हाय डायनॅमिक रेंज’. चित्रातला सर्वांत काळा भाग आणि सर्वांत उजळ भाग यांच्यातलं अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. हे अंतर जितकं जास्त, तितकं चित्र डोळ्यांना खरं वाटतं.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात दुपारी बसलेला माणूस हे चटकन समजू शकतो. झरोक्यातून उन्हाचा कवडसा पडलेला असतो आणि कोपऱ्यात अंधार असतो. आपल्या डोळ्यांना कवडसाही दिसतो आणि कोपऱ्यातली उतरंडही दिसते. साध्या चित्रात मात्र दोन्ही नीट मावत नाहीत. उतरंड दाखवायला जावं तर कवडशाचा नुसता पांढरा पट्टा होतो. कवडसा सांभाळावा तर कोपरा काळा होतो. एचडीआरमध्ये दोन्ही मावतात.

आकड्यांत सांगायचं तर पडद्याचा उजेड ‘निट्स’ या एककात मोजतात. साधं चित्र, म्हणजे एसडीआर, स्टुडिओत साधारण १०० निट्सचा पांढरा रंग धरून तयार होतं. एचडीआर सिनेमे बहुतांशी १,००० किंवा ४,००० निट्सपर्यंतचा उजेड धरून तयार होतात. एचडीआरचं गणित ज्या ‘पीक्यू’ पद्धतीवर उभं आहे, त्यात १०,००० निट्सपर्यंतची सोय आहे.

दुसरा फरक रंगांचा. साधं चित्र ८ बिटचं असतं. त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा, म्हणजे एकूण सुमारे १.६७ कोटी रंग होतात. एचडीआर १० बिटचं असतं. त्यात प्रत्येकी १,०२४ छटा आणि एकूण सुमारे १०७ कोटी रंग होतात. संध्याकाळच्या आभाळात दिसणारे पट्टे त्यामुळे कमी होतात.

फोरके आणि एचडीआर यांची गल्लत करू नका. फोरके म्हणजे चित्रात ठिपके किती, आणि एचडीआर म्हणजे त्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग किती. टीव्ही फोरके असूनही येणारं चित्र एचडीआर नसू शकतं.

लोगो इतके का? एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन, एचएलजी

- एचडीआर१० : सर्वांत मूलभूत प्रकार. २०१५ मध्ये आला. फोरके डिस्कवर एचडीआर असेल तर एचडीआर१० असावंच लागतं. संपूर्ण सिनेमासाठी उजेडाची माहिती एकदाच दिली जाते.
- डॉल्बी व्हिजन : डॉल्बी कंपनीनं २०१४ मध्ये आणला. यात उजेडाची माहिती दृश्यागणिक बदलते, त्यामुळे मध्यम किमतीच्या टीव्हीलाही चित्र सांभाळणं सोपं जातं. डिस्कवर हा ऐच्छिक असतो.
- एचडीआर१० प्लस : दृश्यागणिक माहिती देणारा दुसरा प्रकार. सॅमसंग त्याच्या पाठीशी आहे. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन मिळत नाही.
- एचएलजी : बीबीसी आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थांनी थेट प्रक्षेपणासाठी तयार केलेला प्रकार. सिनेमाच्या डिस्कशी याचा सहसा संबंध येत नाही.

डिस्कवर डॉल्बी व्हिजन आहे आणि टीव्हीत नाही, तरी घाबरायचं कारण नाही. अशा वेळी त्याच डिस्कवरचं एचडीआर१० चालतं.

इंटरनेटवर फोरके दिसतं, मग डिस्क कशाला?

नेटफ्लिक्सवर फोरके पाहायला कंपनी १५ एमबीपीएसचा वेग सुचवते आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. अडीच तासांच्या सिनेमाला हा हिशेब १७ जीबीच्या पुढे जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्या घरात दिवसाचा डेटा मध्यंतराआधीच संपेल. वेग कमी झाला की ॲप न विचारता चित्राचा दर्जा उतरवतं.

फोरके डिस्कमध्ये ६६ किंवा १०० जीबीपर्यंत माहिती मावते आणि ती १२८ एमबीपीएसपर्यंतच्या वेगानं वाचली जाते. नेट लागत नाही. अडचण वेगळीच आहे. हे प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या कमी होत चालल्या आहेत. ओप्पोनं २०१८ मध्ये प्लेअर बंद केले आणि पुढे एलजीही या धंद्यातून बाहेर पडली. त्यामुळे घेतलेला प्लेअर नीट जोडून पुरेपूर वापरणं जास्त महत्त्वाचं.

आता साखळी तपासू : पाच कड्या

१. डिस्क. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रे डिस्कवर एचडीआर नसतं. कव्हरवर ‘फोरके अल्ट्रा एचडी’ आणि सोबत ‘एचडीआर’ किंवा ‘डॉल्बी व्हिजन’ असे शब्द हवेत. फोरके डिस्कचा डबा बहुतेक वेळा काळा असतो, साध्या ब्लू-रेचा निळा. परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांसाठी दिलासा म्हणजे फोरके डिस्कला रिजनचं बंधन नाही. डीव्हीडीसाठी भारत रिजन ५ मध्ये, तर साध्या ब्लू-रेसाठी रिजन सी मध्ये येतो. त्या डिस्क मागवताना मात्र रिजन पाहावाच लागतो.

२. प्लेअर. इथे सर्वाधिक फसगत होते. ‘फोरके अपस्केलिंग’ लिहिलेला प्लेअर म्हणजे फोरके प्लेअर नव्हे. तो साधी ब्लू-रे किंवा डीव्हीडी मोठी करून दाखवतो, फोरके डिस्क वाचत नाही. गेमिंग कन्सोल असेल तर डिस्कचा खाचा असलेला प्लेस्टेशन ५ फोरके डिस्क वाचतो आणि एचडीआर१० दाखवतो. डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन मात्र तो दाखवत नाही. प्लेस्टेशन ४, अगदी त्याचं प्रो मॉडेलही फोरके डिस्क वाचू शकत नाही.

प्लेअरच्या मेन्यूत रिझोल्यूशन ‘ऑटो’ किंवा ‘फोरके’, एचडीआर आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘ऑन’ आणि २४पी आउटपुट ‘ऑटो’ ठेवा. ‘एचडीआर टू एसडीआर’ असं रूपांतर चालू असेल तर बंद करा. सोनीच्या यूबीपी-एक्स७०० या मॉडेलमध्ये डॉल्बी व्हिजन हातानं चालू-बंद करावं लागतं. डिस्कवर डॉल्बी व्हिजन असेल तेव्हाच ते चालू करा, एरवी बंद ठेवा.

३. केबल. सेट-टॉप बॉक्ससोबत दहा वर्षांपूर्वी आलेली एचडीएमआय केबल इथे पुरेलच असं नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ जीबीपीएसची केबल पुरे. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ जीबीपीएसची असते. ती गेमसाठी उपयोगी, सिनेमाच्या डिस्कसाठी गरजेची नाही. सोन्याचा मुलामा आणि जाड वेष्टण यांनी चित्र सुधारत नाही. केबल कमी पडत असेल तर चित्र मधेच काळं होतं, ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा सिग्नल तुटतो. असं होत नसेल तर नवी केबल घेऊन फायदा नाही.

मध्ये साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल तर तीही एक कडीच झाली. तो जुना असेल तर एचडीआर तिथेच अडतं. सोपा उपाय म्हणजे प्लेअर थेट टीव्हीला जोडा आणि साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ पोर्टवर लावा.

४. टीव्हीचा पोर्ट. हीच ती कडी, जी बहुतेक घरांत तुटलेली असते. केबल लावताच टीव्ही प्लेअरला आपल्या कुवतीची एक यादी पाठवतो : मी फोरके दाखवतो, इतके रंग दाखवतो, एचडीआर दाखवतो. प्लेअर त्या यादीप्रमाणे चित्र देतो. जुनी उपकरणं या नव्या यादीनं गोंधळतात, म्हणून अनेक टीव्हींत पोर्ट कारखान्यातूनच ‘स्टँडर्ड’ वर ठेवलेला असतो. तेव्हा टीव्हीच्या यादीत एचडीआरचा उल्लेखच नसतो. प्लेअर समजून घेतो की हा टीव्ही साधा आहे, आणि चित्र साधं करून पाठवतो. कुणाचीच तक्रार येत नाही, म्हणून चूकही कळत नाही.

हे सेटिंग प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावानं असतं :

- सॅमसंग : ‘इनपुट सिग्नल प्लस’ (जुन्या मॉडेलमध्ये ‘एचडीएमआय यूएचडी कलर’)
- एलजी : ‘एचडीएमआय डीप कलर’
- सोनी : ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’
- इतर काही ब्रँड : एचडीएमआयची आवृत्ती निवडायचा पर्याय. तिथे १.४ ऐवजी २.० किंवा त्यापुढची निवडा.

हे सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगळं असतं. एचडीएमआय १ वर चालू केलं आणि प्लेअर एचडीएमआय २ वर लावला, तर उपयोग नाही. काही टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात. मागच्या बाजूला ‘फोरके ६० हर्ट्झ’ किंवा ‘एचडीसीपी २.२’ लिहिलेला पोर्ट निवडा.

५. पिक्चर मोड. दुकानातला टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये असतो, कारण तिथे ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीशी स्पर्धा असते. घरी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. माणसांचे चेहरे शेंदरी दिसत होते ते मूळ रंगात येतील.

एचडीआर चालू झालं हे कसं ओळखायचं?

डिस्क सुरू होताच बहुतेक टीव्हींवर कोपऱ्यात ‘एचडीआर’ किंवा ‘डॉल्बी व्हिजन’ अशी खूण काही सेकंद दिसते. दिसली नाही तर रिमोटवरचं इन्फो बटण दाबा. प्लेस्टेशन ५ मध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’ या विभागात व्हिडिओ आउटपुटची माहिती दिसते. नुसतं डोळ्यांनी पाहून ठरवू नका. खूण पाहूनच पुढचं सेटिंग करा.

खूण दिसते, तरी चित्र काळपट. आता?

हा प्रश्न सर्वांत जास्त सतावतो आणि त्याचं उत्तर एचडीआरच्या पद्धतीतच आहे. साध्या चित्रात टीव्ही मनाप्रमाणे उजेड वाढवतो. १०० निट्स धरून केलेला पांढरा रंग तो सहज ३०० निट्सवर दाखवतो, आणि आपल्या डोळ्यांना त्याचीच सवय झालेली असते. एचडीआरमध्ये मात्र प्रत्येक छटेचा उजेड ठरलेला असतो. दिग्दर्शकानं अंधाऱ्या खोलीत बसून ठरवलेला चेहऱ्याचा उजेड टीव्ही तितकाच दाखवायला जातो. दुपारी दार-खिडक्या उघड्या असलेल्या हॉलमध्ये तो कमी पडतो.

दुसरं कारण टीव्हीची ताकद. कमी किमतीचे अनेक फोरके टीव्ही ३०० ते ४०० निट्सच्या आसपासच उजेड देतात. १,००० निट्सचं चित्र त्यात बसवताना त्यांना ते दाबावं लागतं. याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. स्वस्त टीव्हीत या दाबण्यात चित्राचा मधला भाग काळवंडतो. खोक्यावरच्या ‘एचडीआर सपोर्ट’ चा अर्थ इतकाच की टीव्हीला ते चित्र वाचता येतं. ते पूर्ण ताकदीनं दाखवता येतं, असा त्याचा अर्थ नव्हे.

उपाय असे :

- एचडीआर चित्र चालू असतानाच सेटिंग बदला. साध्या आणि एचडीआर चित्राची सेटिंग्ज टीव्ही वेगवेगळी साठवतो. बातम्या पाहताना वाढवलेला ब्राइटनेस सिनेमाला लागू होत नाही.
- ‘एनर्जी सेव्हिंग’, ‘इको’ आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर बंद करा. सर्वांत मोठा फरक बहुधा इथेच पडतो.
- बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट वरच्या टोकाला न्या. एलईडी टीव्हीत ‘लोकल डिमिंग’ असेल तर तेही चालू ठेवा.
- ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ असेल तर दिवसा चालू ठेवा, रात्री दिवे मंद करून पाहताना बंद करून बघा.
- डॉल्बी व्हिजनमध्ये अनेकदा ‘ब्राइट’ आणि ‘डार्क’ असे दोन मोड असतात. दिवसा पहिला, रात्री दुसरा.
- हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन’ सेटिंग बंद करा. त्यानं सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

एवढं करूनही दिवसा समाधान होत नसेल तर पडदे ओढा. तीनशे निट्सच्या टीव्हीसमोर दुपारचं ऊन नेहमीच जिंकणार.

एचडीआर कुठे नको? जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी

किल्लारीसाठी या प्रश्नाला वेगळं वजन आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात दगडमातीची, जड माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं नव्या जागी वसवावी लागली. एखाद्या घरात त्याआधीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट किंवा तिच्यावरून करून घेतलेली डीव्हीडी उरली असेल, तर गेलेल्या माणसांचं चालणं-बोलणं आणि जुन्या घराचं अंगण फक्त तिथेच आहे. नवा टीव्ही आला की ती डीव्हीडी सर्वांत आधी लावून पाहावीशी वाटते.

पण हे चित्र एचडीआर होऊ शकत नाही. त्या काळच्या पाल पद्धतीच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६ होत्या. डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख ठिपक्यांचं असतं. फोरके पडद्यावर सुमारे ८२.९ लाख ठिपके असतात, बरोबर २० पट. म्हणजे प्रत्येक २० ठिपक्यांपैकी १९ टीव्ही अंदाजानं भरतो. उजेडाचंही तसंच. कॅमेऱ्यात जो कवडसा पांढरा पट्टा होऊन टिपला गेला, त्यातला तपशील टेपवर नाहीच. तो नंतर कुठूनही येत नाही.

म्हणून जुनी डीव्हीडी पाहताना सेटिंग्ज उलटी करा. एलजीचं ‘एचडीआर इफेक्ट’, सॅमसंगच्या काही मॉडेलमधलं ‘एचडीआर प्लस’ किंवा प्लेअरमधलं ‘एसडीआर टू एचडीआर’ बंद ठेवा. त्यांनी टेपवरचा खरखरीतपणाच उजळतो. शार्पनेस कमी करा. आणि मुख्य म्हणजे चित्राचा आकार मूळ ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, दिसू द्या. पडदा भरण्यासाठी चित्र ताणलं की चेहरे फुगतात, आणि आजीचा चेहरा आजीसारखा दिसत नाही.

एक काम मात्र लांबवू नका. घरगुती ‘राइट’ केलेली डीव्हीडी वर्षानुवर्षं टिकेलच याची खात्री नसते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमी होणार. डीव्हीडीची कॉपी काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या. मोबाइल ॲपनं चित्र ‘सुधारून’ घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण मूळ फाइल पुसू नका. ॲपनं भरलेला चेहऱ्याचा तपशील हा ॲपचा अंदाज असतो, तुमच्या माणसाचा चेहरा नव्हे.

थोडक्यात : बसल्या जागी तपासा

- डिस्कवर ‘फोरके अल्ट्रा एचडी’ आणि ‘एचडीआर’ दोन्ही शब्द आहेत का?
- प्लेअर खरंच फोरके डिस्क वाचणारा आहे की फक्त अपस्केलिंग करणारा?
- प्लेअर थेट टीव्हीला जोडलाय का?
- ज्या पोर्टला प्लेअर आहे, त्याच पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग चालू आहे का?
- सिनेमा सुरू असताना एचडीआरची खूण दिसते का?
- एचडीआर चालू असताना ‘सिनेमा’ मोड लावून एनर्जी सेव्हिंग बंद केलंय का?
- जुनी डीव्हीडी लावताना आकार ४:३ आणि एचडीआरचे नकली इफेक्ट बंद आहेत का?

हेच नियम फायर स्टिक किंवा फोरके सेट-टॉप बॉक्स अशा एचडीएमआयनं जोडलेल्या कोणत्याही उपकरणाला लागू पडतात. टीव्ही बदलून आणायला दुकानात जाण्याआधी रिमोट हातात घ्या आणि चौथी कडी आधी तपासा.